शिडाच्या छोट्या होडीला विजेची आउटबोर्ड मोटार : परभणी जिल्ह्यातील जलाशयांच्या संदर्भात आढावा

शिडाच्या छोट्या होडीवर मोटार हे दुय्यम साधन असते. काठ सोडताना, वारा पडल्यावर, अरुंद जागेतून वळताना आणि अंधार पडायच्या आत परतताना तिची गरज लागते. चार ते सहा मीटर लांबीच्या होडीला या कामासाठी आजवर दोन ते पाच अश्वशक्तीची पेट्रोलची आउटबोर्ड मोटार लावली जाई. ही मोटार होडीच्या मागच्या फळ्यावर बाहेरून अडकवायची आणि काम झाले की काढून घरी न्यायची असते. गेल्या वीस वर्षांत लिथियम बॅटरी आणि ब्रशविरहित मोटार आवाक्यात आल्यामुळे त्याच जागी विजेची आउटबोर्ड दिसू लागली आहे. तिचा पल्ला, वजन, खर्च आणि सुरक्षितता यांचा हिशेब भरती-ओहोटीच्या समुद्रात एक येतो आणि धरणाच्या अडवलेल्या गोड्या पाण्यात दुसराच. समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर आत असलेल्या परभणी जिल्ह्याला लागू पडतो तो दुसरा.

जिल्ह्यातील पाणी आणि होड्या

परभणी जिल्ह्यातला सर्वांत मोठा जलाशय जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर आहे. येलदरीचे हे मातीचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ५१ मीटर, लांबी चार किलोमीटरहून अधिक आणि एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. पायथ्याशी २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. जिंतूर तालुक्यातच करपरा, सेलू तालुक्यात निम्न दुधना आणि गंगाखेडजवळ मासोळी असे इतर प्रकल्प आहेत. गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल आणि डिग्रस येथे उच्च पातळीचे बंधारे आहेत. त्यांच्या दारांमागे नदी लांबच लांब, अरुंद तलावासारखी उभी राहते.

या पाण्यावरची नेहमीची वाहने म्हणजे मासेमारांच्या वल्ह्याच्या होड्या आणि थर्मोकोलचे तराफे. राज्यात शिडाच्या क्रीडानौका प्रामुख्याने मुंबईच्या बंदरात आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयात चालतात. तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र पीकॉक बे या खाडीत नौकानयन शिकतात. परभणीला त्याहून जवळ आहे हैदराबादचा हुसेनसागर. लेझर वर्गाच्या एकट्याने हाकायच्या होड्यांच्या स्पर्धा तिथे दीर्घकाळ होत आल्या आहेत. मराठवाड्यातल्या जलाशयावर शिडाची होडी यायची ती ट्रेलरवर किंवा टेम्पोत घालून, एखाद्या सुट्टीपुरती. त्यामुळे मोटारही हाताने उचलता येणारी आणि पाण्यावरून घरी नेऊन चार्ज करता येणारी हवी. मोटारीविषयी पुढे जे येते त्यातले बरेचसे वल्ह्याच्या हलक्या होडीलाही लागू पडते.

मागचा इतिहास

होडीवरची विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीहून जुनी आहे. मोरिट्झ याकोबी याने १८३८-३९ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत रासायनिक घटांवर चालणारी नाव फिरवली. गुस्ताव त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीत जी मोटार चालवली, ती सुकाणूवर बसवलेली आणि उचलून काढता येणारी होती. आउटबोर्डचा मूळ आराखडा तोच. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात पन्नासहून अधिक विजेच्या नावांनी प्रेक्षकांची ने-आण केली. ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये अमेरिकेत पेट्रोलच्या आउटबोर्डचा कारखाना काढला आणि वीज मागे पडली, कारण शिशाच्या बॅटरीचे वजन पेट्रोलपुढे टिकत नव्हते. त्याच १९०९ साली बव्हेरियातल्या क्योनिग्झे तलावावर प्रवासी नावा विजेवर चालू झाल्या आणि पाणी स्वच्छ राखण्यासाठी त्या आजही विजेवरच चालतात. बंदिस्त गोड्या पाण्यात विजेचा आग्रह धरण्यामागचे कारण शंभर वर्षांत बदललेले नाही.

अमेरिकेत १९३४ पासून गळाने मासे धरणाऱ्यांसाठी ‘मिन कोटा’ नावाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या संथ मोटारी निघाल्या. त्यांना ट्रोलिंग मोटार म्हणतात. जर्मनीत २००५ मध्ये स्थापन झालेल्या टॉर्कीडो कंपनीने लिथियम बॅटरीसह जुळवलेली आउटबोर्ड बाजारात आणली. २०१२ मध्ये सुरू झालेली ईप्रोपल्शन ही चिनी कंपनी तिची मुख्य स्पर्धक ठरली. जपानच्या यामाहाने २०२४ मध्ये टॉर्कीडो विकत घेतली. पेट्रोलच्या आउटबोर्डचा जगातला एक मोठा उत्पादक या व्यवसायात उतरल्याने छोट्या विजेच्या मोटारीचे हौशी दिवस संपले. भारतात मोठ्या नावांवर हा प्रयोग आधीच स्थिरावला आहे. केरळात वैकम ते तवणकडवू या फेरीवर ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौरनौका जानेवारी २०१७ पासून धावते, आणि कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली.

वेग आणि शक्ती

विजेच्या मोटारीचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: पाणी कापत जाणाऱ्या होडीला वेग वाढवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती जवळपास आठपट लागते. त्यातच पाण्याच्या रेषेवरील लांबीनुसार होडीच्या वेगाला एक व्यावहारिक मर्यादा असते. लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला साडेचारने गुणले की ती मर्यादा ताशी किलोमीटरमध्ये येते. पाच मीटरच्या होडीला ती सुमारे दहा किलोमीटर आहे. त्या वेगाजवळ गेले की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि जादा शक्ती बहुतेक लाट उठवण्यातच खर्च होते. त्यामुळे अशा होडीला मोठी मोटार लावून फारसे काही साधत नाही.

दोन माणसांसह चारशे किलोच्या आसपास भरणाऱ्या पाच मीटरच्या होडीचा, वारा पडलेल्या सपाट पाण्यातला अंदाज घेऊ. ताशी चार किलोमीटरला मोटार सुमारे १२० वॅट घेते, सहा किलोमीटरला सुमारे ४०० आणि आठ किलोमीटरला ९५० च्या आसपास. बॅटरी एक किलोवॅट-तासाची, म्हणजे वीजबिलातल्या एका युनिटची, धरली आणि पाचवा हिस्सा राखीव ठेवला तर ८०० वॅट-तास हाती राहतात. चारच्या वेगाने त्यात साडेसहा तास आणि २६-२७ किलोमीटर मिळतात. सहाच्या वेगाने दोन तास आणि बारा किलोमीटर. आठच्या वेगाने जेमतेम पन्नास मिनिटे आणि सात किलोमीटर. बॅटरी तीच, होडी तीच. मूठ किती पिळली यावर पल्ला चौपटीने बदलतो. पेट्रोलच्या मोटारीत टाकी भरपूर असल्याने हा फरक सहसा जाणवत नाही, म्हणून पेट्रोलवरून विजेवर येणाऱ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो.

एक किलोवॅटची मोटार ‘तीन अश्वशक्तीच्या बरोबरीची’ म्हणून विकली जाते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे ही तुलना अतिशयोक्त वाटते. तिच्यात अर्धे तथ्य आहे. पेट्रोल मोटारीची अश्वशक्ती पूर्ण फेऱ्यांवर दांड्यापाशी मोजलेली असते आणि तिचा पंखा लहान व वेगाने फिरणारा असतो. विजेची मोटार कमी फेऱ्यांवरही पूर्ण पीळ देते, म्हणून तिला मोठा, संथ पंखा लावता येतो. असा पंखा जड होडीला कमी वेगात अधिक चांगला ढकलतो. धक्क्यातून निघताना दोन्ही सारख्याच वाटतात; जोराच्या समोरच्या वाऱ्यात मात्र तीन अश्वशक्तीची खरी मोटार पुढे जाते.

बॅटरी

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि त्याचे वजन पाऊण किलो भरते. छोट्या आउटबोर्डमध्ये त्यातला दहा टक्क्यांच्या आसपासच भाग होडी ढकलण्याच्या कामी येतो, बाकी उष्णतेत आणि पंख्यापाशी जातो. विजेच्या संचात बॅटरीतल्या ऊर्जेचा चाळीस ते पन्नास टक्के भाग कामी लागतो. तरीही हिशेबाने एक लिटर पेट्रोल दोन युनिटांच्या बॅटरीइतके चालते, आणि तेवढ्या लिथियम बॅटरीचे वजन पंधरा ते वीस किलो होते. पाच लिटरच्या डब्याची बरोबरी करायला बॅटरीचे वजन एका जादा उतारूइतके होईल. म्हणून लांब पल्ल्याच्या कामाला वीज अजून अपुरी आहे आणि शेवटच्या दोन-चार किलोमीटरला पुरून उरते. शिडाच्या होडीची गरज नेमकी एवढीच असते. बाकीचे अंतर वारा कापून देतो.

बॅटरीचे प्रकार व्यवहारात तीन. शिशाची १२ व्होल्ट, १०० ॲम्पियर-तासांची बॅटरी तीस किलोच्या घरात जाते आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरणे हिताचे असते. जास्त ओढली तर आयुष्य घटते. शिवाय जोराने वीज ओढली की तिची एकूण क्षमताही कमी भरते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची तेवढीच बॅटरी अकरा ते तेरा किलोची असते, ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि दोन ते तीन हजार वेळा चार्ज होते. तिसरा प्रकार निकेल-मँगेनीज-कोबाल्टचा. तयार आउटबोर्डच्या डोक्यावरच्या काढत्या-घालत्या बॅटरीत वजन कमी असल्याने तो वापरला जातो, पण उष्णतेला तो फॉस्फेटपेक्षा नाजूक आहे.

मराठवाड्यात उष्णता हा दुय्यम मुद्दा नाही. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. बंद गाडीच्या डिकीत तो आणखी बराच वर असतो. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मे होते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बहुतेक उत्पादक सांगतात, म्हणून उन्हाळ्यात ती रात्री किंवा पहाटे चार्ज करावी. बराच काळ वापर नसेल तर ती अर्धी भरलेल्या अवस्थेत, घरातल्या थंड जागी ठेवावी. पाण्यावर ती बाकाखाली सावलीत, हवा लागेल अशी बांधावी. पूर्ण भरून उन्हात ठेवणे सर्वांत वाईट.

वारा

वर दिलेले पल्ल्याचे आकडे निवांत पाण्याचे आहेत. शीड उतरवले तरी डोलकाठी, दोर, होडीची बाजू आणि बसलेली माणसे वाऱ्याला अडवतातच. ताशी वीस किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात त्याच होडीला ताशी चार किलोमीटर राखायला १२० ऐवजी अडीचशे वॅटच्या आसपास लागतात आणि सत्तावीस किलोमीटरचा पल्ला तेरावर येतो. सहाच्या वेगाला सहाशेच्या पुढे वॅट लागतात आणि बारा किलोमीटरचे सात-आठ उरतात. लाटांनी पंखा पाण्याबाहेर येऊ लागला की यातूनही घट होते. सपाट पाण्यात हळू जाण्याने जेवढा फायदा होतो तेवढा समोरच्या वाऱ्यात होत नाही, कारण वाऱ्याचा अडथळा होडी हळू गेली म्हणून फारसा कमी होत नाही. फार हळू गेल्यास होडीचे पुढचे टोक वाऱ्याने वळते आणि सुकाणू पाणी धरत नाही.

यातून येलदरीसारख्या जलाशयासाठी एक साधा नियम निघतो. धरणाची भिंत पूर्वेच्या अंगाला आहे आणि पाणी तिच्यामागे पूर्णेच्या खोऱ्यात पश्चिमेकडे पसरते. जून ते सप्टेंबरात वारा पश्चिम-नैऋत्येचा आणि जोराचा असतो. भिंतीच्या बाजूने निघालेल्या होडीला जाताना तो समोरून लागतो आणि येताना पाठीशी येतो. परतीला मोटार लागलीच तरी थोडी लागते. हिवाळ्यात वारा पूर्व-ईशान्येकडून येतो, हलका असतो आणि सायंकाळी बहुधा पडतो. तेव्हा जाताना मदत करणारा वारा येताना एक तर समोर असतो किंवा नसतोच. या ऋतूत परतीच्या पूर्ण अंतराइतकी वीज निघतानाच राखून ठेवावी लागते. नकाशावरचे परतीचे अंतर मोजून, समोरच्या वाऱ्याचा पल्ला धरून आणि त्यावर तिसरा हिस्सा चढवून बॅटरी निवडली तर ती कमी पडत नाही.

मोटार आणि शीड एकत्र वापरणे हा विजेच्या मोटारीचा मोठा फायदा आहे. हलक्या वाऱ्यात मोठे शीड उभे ठेवून मोटारीला शंभर-दीडशे वॅट दिले की होडीचा वेग वाढतो, त्याने शिडावर येणारा वारा वाढतो आणि होडी वाऱ्याच्या रोखाकडे थोडी अधिक जवळ जाऊ शकते. पेट्रोलची मोटार इतक्या कमी शक्तीवर समाधानाने चालत नाही.

मोटारीची निवड

बाजारात तीन वाटा आहेत. पहिली ट्रोलिंग मोटारीची. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची मोटार पूर्ण ताकदीवर पन्नास ॲम्पियरच्या आसपास, म्हणजे सहाशे वॅट घेते. ती स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असते. गोड्या पाण्यासाठीच बनवलेली असल्याने धरणावर तिची अडचण नसते. मात्र तिच्या पंख्याची आखणी संथ वेगासाठी असते. ताशी सात-आठ किलोमीटरच्या पुढे ती होडीला नेत नाही आणि जोराच्या वाऱ्यात तिचा दम तुटतो. चार मीटरपर्यंतच्या होडीला ती पुरते.

दुसरी वाट एक किलोवॅट वर्गाच्या तयार आउटबोर्डची. मोटार, बॅटरी आणि नियंत्रण जुळवून दिलेले, एकूण वजन पंधरा ते वीस किलो, आणि बॅटरी वेगळी उचलून नेता येणारी. उरलेले अंतर, वेग आणि चालू वापर पडद्यावर दिसतो. ठरावीक वेगाला किती किलोमीटर उरले हे समोर दिसत राहिल्याने वापरणारा आपोआप हात आखडता घेतो. साडेचार ते सहा मीटरच्या होडीला हा वर्ग योग्य. परदेशातून येणाऱ्या अशा संचाची किंमत आयातशुल्कासह दोन लाखांपुढे जाते, आणि बिघाड झाला तर सुटा भाग परभणीत मिळत नाही. त्याहून मोठी, सात मीटरच्या जे-२४ सारखी, तळाशी वजनदार कील असलेली जड नौका असेल तर दोन ते चार किलोवॅट आणि वेगळी ४८ व्होल्टची बॅटरी लागते.

तिसरी वाट घरगुती जुळणीची: जुन्या पेट्रोल आउटबोर्डचा पाय ठेवून वर विजेची मोटार बसवायची. ई-रिक्षामुळे ४८ व्होल्टच्या मोटारी, कंट्रोलर आणि बॅटऱ्या मराठवाड्याच्या तालुक्यांपर्यंत पोचल्या आहेत, आणि त्या दुरुस्त करणारे हातही. पाण्याचे तुषार सोसण्याची सोय आणि योग्य पंखा ही या जुळणीतली कच्ची जागा आहे.

पायाची लांबी बघून घ्यावी. पंख्याचा वरचा टोकाचा भाग पाण्याखाली वीतभर तरी राहिला पाहिजे, नाहीतर हवा ओढून तो नुसता फिरतो. शिडाच्या होडीचा मागचा फळा उंच असतो आणि पुढे वजन सरकले की मागचा भाग उचलतो, म्हणून लांब पायाची मोटार बहुधा योग्य ठरते. सुकाणू फळ्याच्या मधोमध असल्याने मोटार एका बाजूला, खाली-वर होणाऱ्या ब्रॅकेटवर बसते. शिडावर चालताना ती पाण्याबाहेर उचललीच पाहिजे. थांबलेला पंखा छोट्या होडीचा वेग सहज जाणवेल इतका ओढून धरतो. काही मोटारी शिडावर चालताना पाण्याच्या ओढीने फिरणाऱ्या पंख्यातून वीज परत भरतात, पण छोट्या होडीच्या वेगाला ती अगदी थोडीच असते. धरणावरच्या होडीने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

जलाशयातल्या अडचणी

धरणाचे पाणी सिंचनासाठी सुटत राहते, त्यामुळे काठ महिन्यागणिक मागे सरकतो. ऑक्टोबरात जिथे होडी टेकली तिथे एप्रिलमध्ये चिखलाचा पट्टा असतो, आणि बुडालेली झाडांची खोडे, बांध व विहिरींचे कठडे पाण्याच्या वरच्या थरात येतात. विजेच्या मोटारीचा मोठा पंखा अशा ठिकाणी पेट्रोलच्या पंख्याइतकाच तुटतो. अडथळ्याला लागताच आधी तुटून पंखा वाचवणारी शिअर पिन आणि ती बदलायची पकड होडीत असावी.

मासेमारांची उभी पसरलेली जाळी हा अधिक नेहमीचा प्रश्न. जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते आणि जाळ्याचे नुकसान हे कुणाच्या तरी रोजीचे नुकसान असते. सकाळी जाळी काढली जाईपर्यंत काठालगत मोटार न लावणे बरे. विजेच्या मोटारीला धूर आणि आवाज नसल्याने पंखा थांबला हे कळत नाही. जाळ्यात अडकल्यावर ताबडतोब बंद केली नाही तर नियंत्रक तापतो. गोदावरीच्या बंधाऱ्यांत जलपर्णी साचते. पंख्याला ती गुंडाळली की मोटार क्षणभर उलटी फिरवावी. विजेच्या मोटारीत ही सोय सहज असते.

भिंतीच्या दारांजवळ, सांडव्याच्या पुढे आणि वीजकेंद्राच्या खालच्या नदीपात्रात होडी नेणे धोक्याचे आहे. टर्बाइन सुरू झाली की खालची पातळी अचानक वाढते आणि एक किलोवॅटची मोटार त्या ओढीला पुरी पडत नाही.

चार्जिंग आणि विजेची सुरक्षितता

एक युनिटची बॅटरी घरच्या प्लगवर भरायला चार्जरमधली घट धरून सव्वा युनिट लागते आणि छोट्या चार्जरवर पाच ते आठ तास जातात. धरणाच्या काठावर प्लग मिळेल हे गृहीत धरता येत नाही. मराठवाड्यात १०० वॅटचे सौरपटल दिवसाला सरासरी पावणेचारशे ते चारशे वॅट-तास देते. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या होडीला एवढे पुरते, रोज निघणारीला नाही. शीड सावली टाकत असल्याने हे पटल चालत्या होडीवर न लावता काठावर किंवा घराच्या छपरावर लावलेले बरे.

१२ किंवा ४८ व्होल्टचा झटका सहसा जीवघेणा नसतो. धोका शॉर्ट सर्किटने लागणाऱ्या आगीचा असतो. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज, पुरेशा जाडीची तार आणि घट्ट जोड हव्यात. पन्नास ॲम्पियर वाहणारी बारीक तार तापते आणि वाटेतच वीज खाते. मनगटाला बांधायचा चुंबकी स्विच माणूस पाण्यात पडला की मोटार बंद करतो. पंखा आवाज न करता फिरत असल्याने विजेच्या मोटारीत तो अधिक महत्त्वाचा. लिथियम बॅटरीतले संरक्षक सर्किट मर्यादा आली की पूर्वसूचना न देता वीज तोडते, म्हणून दोन वल्ही, नांगर आणि प्रत्येकाला लाइफजॅकेट यांना पर्याय नाही. गोड्या पाण्यात मोटारीला गंजापासून वाचवणारा धातूचा तुकडा जस्ताऐवजी मॅग्नेशियमचा लागतो.

खर्च, पाणी आणि परवाने

परभणीत पेट्रोल महाग असते. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपासूनच्या लांब टँकर वाहतुकीमुळे इथला दर राज्यात नेहमी वरच्या टोकाला असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये लिटरला नव्वद रुपये गाठल्याने जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. तरीही सुट्टीच्या होडीला इंधनाच्या बचतीतून विजेची मोटार परवडत नाही. वर्षातून चाळीस वेळा, दर खेपेस एक तास मोटार चालली तर लहान पेट्रोल मोटार चाळीस लिटरच्या आसपास पेट्रोल घेते. त्याचे चार हजारांवर रुपये होतात. तेवढ्याच तासांची वीज पाचशे रुपयांची. साडेतीन हजारांच्या वार्षिक बचतीने लाखाचा फरक भरून निघत नाही. रोज दोन तास, वर्षाला तीनशे दिवस मोटार चालवणाऱ्या मासेमाराचे गणित वेगळे येते. त्याचे सहाशे लिटर पेट्रोल वाचते, त्याबदल्यात विजेचे सात-आठ हजार रुपये होतात, आणि दोन युनिटांची फॉस्फेट बॅटरी धरूनही संच काही वर्षांत फिटू शकतो.

सुट्टीच्या होडीला विजेची मोटार योग्य ठरते ती पाण्यामुळे. जुन्या दोन-स्ट्रोक आउटबोर्डमधून वीस ते तीस टक्के पेट्रोल न जळताच तेलासह पाण्यात जाते. चार-स्ट्रोक मोटारीत हे प्रमाण पुष्कळ कमी असले तरी काठावर डबा ओतताना सांडायचे ते सांडतेच. परभणी शहराचे पिण्याचे पाणी येलदरीतून येते. अशा जलाशयावर कधी नौकानयन वाढायचे असेल तर ते सुरुवातीपासून विजेवरच असणे हाच शहाणपणा आहे.

परवान्याच्या बाबतीत विजेला सूट नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या कायद्याच्या जागी आला. यंत्राने चालणाऱ्या जलयानाची पाहणी आणि नोंदणी, तर बिनयंत्राच्या जलयानाची स्थानिक पातळीवर नोंद, अशी त्याची रचना आहे. मोटार विजेची म्हणून होडी बिनयंत्राची ठरत नाही. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात आणि मराठवाड्यात हे काम गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे, म्हणून होडी उतरवण्याआधी तिथली परवानगी घ्यावी लागते. स्पर्धेत मोटार चालत नाही: आंतरराष्ट्रीय शर्यतीच्या ४२ व्या नियमाप्रमाणे होडी फक्त वारा आणि पाणी यांच्या जोरावर चालली पाहिजे. सागरी टक्करप्रतिबंधक नियमांनुसार शीड उभे असले तरी मोटार चालू असलेली नौका यांत्रिक नौका धरली जाते आणि शिडावर चालणाऱ्या नौकेला तिने वाट द्यायची असते. तलावावरही हाच शिरस्ता पाळणे सोयीचे.

निवडीचा सारांश

निर्णयाची सुरुवात अश्वशक्तीपासून न करता अंतरापासून करावी. काठापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत फिरणाऱ्या चार मीटरच्या होडीला ट्रोलिंग मोटार आणि १०० ॲम्पियर-तासांची फॉस्फेट बॅटरी पुरते. येलदरीत आठ-दहा किलोमीटर आत जाणाऱ्या पाच-सहा मीटरच्या होडीला एक किलोवॅटची आउटबोर्ड आणि दोन युनिटांची बॅटरी हवी, कारण हिवाळ्यातल्या समोरच्या वाऱ्यात एका युनिटाने परत येणे अवघड आहे. नदीच्या वाहत्या पुरात, दारे उघडी असताना किंवा जड माल ओढण्यासाठी ही मोटार उपयोगाची नाही. ज्याला वर्षातून चार वेळाच पाण्यावर जायचे आहे त्याने वल्ह्यांवर भागवावे. तेवढ्या वापरात बॅटरी चालण्यापेक्षा पडून राहूनच जुनी होते.